उशिराची किंमत बाईच मोजते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलींच्या घटत्या संख्येवर आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच पत्रांचा सूर असा असतो, की गर्भपात सोपा झाला म्हणून हे झालं, तेव्हा तो अवघड करा. माझी उभी नोकरी प्रसूती विभागात नर्स म्हणून गेली. मला हे पटत नाही, म्हणून लिहिते आहे.

पोटातला जीव म्हणजे काहीच नाही, असं मी मानत नाही. पाचव्या महिन्यातले गर्भपात मी पाहिले आहेत आणि त्या दिवशी घरी येऊन घास गिळवला नाही. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं तर पापच. 2011 च्या जनगणनेत आपल्या ग्वाल्हेर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 840 मुली होत्या. 1994 चा लिंगनिदानबंदीचा कायदा कडक राबवलाच पाहिजे, त्यात दयामाया नको.

पण सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे साधारण तेराव्या-चौदाव्या आठवड्याआधी खात्रीने दिसत नाही आणि गोळ्यांनी होणारा गर्भपात नवव्या आठवड्यापर्यंतचा असतो. पाळी चुकल्याबरोबर आलेल्या बाईला परत पाठवून मुली कशा वाचणार? तरीही लिंगनिदान शोधणाऱ्या पथकांच्या तपासणीचा धाक असा, की काही डॉक्टर हात वर करतात आणि चिठ्ठी दाखवली तरी औषधवाला ‘गोळ्या नाहीत’ म्हणतो.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या गल्लीत धुणंभांडी करणारी एक बाई आहे. पदरात दोन मुलं, नवरा कामाला सुरतेत. सातव्या आठवड्यात ती सरकारी दवाखान्यात गेली, तर उत्तर मिळालं, “पति को लेकर आओ.” कायद्यात असं कुठेही नाही. 1971 च्या गर्भपात कायद्याप्रमाणे सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. फॉर्म सी या संमतिपत्रावर तिची सही किंवा अंगठा लागतो. नवऱ्याच्या सहीला त्यावर जागाच नाही. हे तिला कोण सांगणार? नवरा दिवाळीला आला तेव्हा अठरावा आठवडा उलटून गेला होता. मग भरती व्हावं लागलं, रक्त चढवावं लागलं, दोन घरची कामं सुटली आणि थोरलीची शाळा बुडाली, कारण धाकट्याला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं.

जो गर्भ दोन महिन्यांच्या आत गोळ्यांनी गेला असता, तो हातपाय पुरते घडल्यावर गेला. जिवाच्या पावित्र्याविषयी तळमळीने लिहिणाऱ्यांना मी हात जोडून विचारते, यात कोणतं तत्त्व राखलं गेलं? ज्याला गर्भाची खरोखर काळजी आहे, त्याने तर उशीर टाळण्यासाठी सगळ्यांत आधी धडपडायला हवं.

सोय केली की लोक बेफिकीर होतील, असंही म्हणतात. सोय नव्हती तेव्हा बायका थांबल्या नाहीत, त्या चोरून सुईणीकडे गेल्या आणि जिवानिशी गेल्या. सरकारने 1964 मध्ये गर्भपाताच्या प्रश्नावर शांतिलाल शहा समिती नेमली ती उगाच नव्हे.

2021 च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मुदत 24 आठवड्यांपर्यंत गेली, 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात अविवाहितांनाही घेतलं. चांगलंच झालं. जिल्ह्यातल्या भितरवार-डबऱ्याकडच्या बाईचा प्रश्न मात्र पहिल्या आठ आठवड्यांत दार उघडतं की नाही, हा आहे.

जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना दोन गोष्टी सहज करता येतील. प्रत्येक सरकारी दवाखान्यात, बायका रांगेत उभ्या असतात तिथेच, ‘सज्ञान स्त्रीची स्वतःची सही पुरेशी आहे, नवऱ्याची लागत नाही’ असा ठळक हिंदी फलक लावावा. आणि लिंगनिदान शोधणाऱ्या पथकांनी सोनोग्राफी केंद्रांचे फॉर्म एफ, म्हणजे गर्भवतींच्या सोनोग्राफीच्या नोंदी, कसून तपासावेत. गर्भपाताची नोंदवही कायद्याने गोपनीय आहे, तिच्या नावाने सुरुवातीच्या आठवड्यांत कायदेशीर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांना धमकावू नये.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
लश्कर, ग्वाल्हेर