पाहुण्यांचा परिचय करून देताना

पुणे

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांचा परिचय तू करून देणार, हे कळून फार आनंद झाला. मसुदा वाचला. पदव्या, पुरस्कार, समित्या, सगळं बायोडेटातून जसंच्या तसं उतरलंय. हे ऐकताना सभागृहात चुळबुळ सुरू होईल गं. या माणसाचं ऐकायलाच हवं, असं समोरच्याला वाटलं की परिचय जमला.

जयंत नारळीकरांचंच बघ. १९६५ साली पद्मभूषण, २००४ साली पद्मविभूषण, आपल्या पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक. सगळं खरं, पण यात माणूस कुठे दिसतो? आता हे सांग: मुलं सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठवा, उत्तराबरोबर सही मिळेल. बस्स, एवढ्यात नारळीकर डोळ्यांपुढे उभे राहतात.

तुझ्या पाहुण्यांचा असा एक प्रसंग शोध. त्यांचे लेख वाच, त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठ, त्यांनाच फोन कर. व्याख्यान भूजलावर आहे ना? मग विहिरींचा नाद त्यांना कधी आणि कशामुळे लागला, ते विचार. ते हाती आलं की पुरस्कारांतले दोन पुरेत. फोनवरच आडनावाचा उच्चार आणि सध्याचं पद पक्कं करून घे. ही चूक स्टेजवर झाली तर पाहुण्यांना फार लागते.

‘सूर्याला पणती दाखवण्यासारखं’ हे पहिलं वाक्य काढच. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेला मी टिळक स्मारकात वर्षानुवर्षं जातोय. असलं वाक्य आलं की शेजारचे आजोबा हमखास घड्याळ बघतात. सरळ त्या प्रसंगापासूनच सुरुवात कर.

दोन मिनिटांत, म्हणजे साधारण दोनशे शब्दांत आटप. ते काय बोलणार आहेत ते तू सांगू नकोस, तो त्यांचा घास आहे. उभं राहून, मोठ्यानं वाचून सराव कर. जिथे दम लागेल तिथे वाक्य तोड. पाहुण्यांचं नाव अगदी शेवटी, ठणठणीत आवाजात घे आणि लगेच माईकपासून बाजूला हो.

नवा मसुदा रविवारी फोनवर वाचून दाखव. आई घड्याळ लावून बसणार आहे.

तुझा,
बाबा