हातांनी बघायच्या प्रदर्शनासाठी लोकर हवी, विणणारे हात हवेत

समस्त कोल्हापूरकरांना नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या विणकाम मंडळात नऊ वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती. तिला दिसत नाही, ऐकूही येत नाही. नुकताच पुरा झालेला क्रोशाचा एक चौकोन आम्ही तिच्या मांडीवर ठेवला. ओळीमागून ओळ चाचपत तिची बोटं एका कोपऱ्यात थांबली. मागे गेली, परत आली, पुन्हा तिथंच थांबली. तिथं एक टाका सुटला होता. चष्मे लावून बसलेल्या आम्हा चौघींपैकी एकीलाही तो दिसला नव्हता. तिनं आईचा हात धरला आणि त्या भोकावर नेऊन ठेवला.

त्याच संध्याकाळी ठरलं की यंदा डोळ्यांसाठी विणायचं नाही.

२६ जूनला आपण शाहू जयंती साजरी करतो. दुसऱ्या दिवशी, २७ जूनला, दिसत आणि ऐकू येत नसतानाही लेखिका झालेल्या हेलन केलर यांची जयंती असते. बहिरे-अंधत्वाची ओळख लोकांना व्हावी म्हणून जून महिन्यात जगात ठिकठिकाणी झाडं, खांब, बाकडी लोकरीनं मढवतात. ‘डेफब्लाइंड इंटरनॅशनल’ ही संघटना त्यासाठी लोकांना हाक देते. १९१७ साली मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या राजाच्या गावात ही हाक ऐकली जायलाच हवी.

अंध माणूस कानांवर भिस्त ठेवतो, कर्णबधिर माणूस डोळ्यांवर. दोन्ही अधू झालं की उरतो तो स्पर्श. बहुतेकांना थोडं दिसतं किंवा थोडं ऐकू येतं, म्हणूनच ते ओळखू येत नाहीत. कुणाला हे जन्मापासून असतं; गरोदरपणी आईला रुबेला झाला तरी बाळाला होऊ शकतं. अशर सिंड्रोम या आनुवंशिक विकारात ऐकू आधीपासून कमी येतं आणि पुढे वाढत्या वयात रात्रीचं दिसेनासं होतं. आणि घरोघरच्या आजी-आजोबांचं काय? कान गेले, डोळे गेले, की ‘आता वय झालं’ म्हणून आपण त्यांच्याशी बोलणंच कमी करतो. याचं आम्हाला फार वाईट वाटतं, कारण आमच्यापैकी दोघींच्या घरी हेच घडलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहिरे-अंधत्वाचा उल्लेख आहे, पण शेजारच्या घरात कुणाला ते आहे का, हे आपल्याला माहीत नसतं.

प्रदर्शनात इथल्याच वस्तू असतील. धनगरी घोंगडीची खरखरीत लोकर, इचलकरंजीचं सूत, कोल्हापुरी चपलेचे गोंडे, रंकाळ्याच्या लाटांसाठी उठावाचे टाके. हुपरीचे घुंगरू एका पट्टीत गुंफायचे आहेत. ऐकू आले नाहीत तरी त्यांची थरथर बोटांना कळते. एक लांब पट्टी लाल-पांढरी असेल. तशा पट्ट्यांची काठी हातात असलेल्या माणसाला दिसतही कमी आणि ऐकूही कमी येतं, हे लोकांना कळावं म्हणून. त्याला एकदम ओढू नका. दंडाला हलकेच हात लावा, क्षणभर तसाच राहू द्या, मग आपला हात त्याच्या हाताखाली द्या.

आम्हाला अजून दोनशे चौकोन हवेत, प्रत्येकी वीत-दीड वीत. घरात उरलेले लोकरीचे गुंडे, अर्धवट राहिलेले स्वेटर, सुताच्या लड्या, काहीही चालेल. फक्त स्वच्छ धुतलेलं असावं, कारण त्यावरून शेकडो हात फिरणार आहेत. विणता येत नसेल तर या, साखळी घालायला एका बैठकीत शिकवू. जून म्हणजे आपल्याकडे धो धो पाऊस, ओली लोकर लोळागोळा होते. म्हणून ज्यांच्याकडे पावसाची झड न येणारा व्हरांडा किंवा शाळेचा पॅसेज असेल त्यांनी तो आठवडाभर द्यावा. पैशाची मदत सळ्या, लाकडी चौकटी आणि ब्रेल पाट्यांसाठी लागेल. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल आणि हिशेब मंडळाच्या फलकावर लागेल.

राजारामपुरीतल्या मंडळाच्या खोलीत दर मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी पाच ते आठ आम्ही असतो. चौकोन १५ जूनपर्यंत पोचावेत.

प्रदर्शन खुलं होण्याच्या आदल्या संध्याकाळी गर्दी नसेल. ती वेळ फक्त बहिरे-अंध व्यक्ती आणि त्यांच्या घरच्यांसाठी राखली आहे. तुमच्या घरी, गल्लीत, गावाकडे असं कुणी असेल तर त्यांना घेऊन या. रिक्षाचं भाडं आम्ही देऊ.

आपल्या,
विणकाम मंडळातील सर्वजणी,
राजारामपुरी, कोल्हापूर