सोमवार, बुधवार, शुक्रवार: एका रिक्षावाल्या भाऊंना पत्र

सोलापूर

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

हे गेले त्याला आता साडेतीन महिने झाले. तेराव्याला तुम्ही आलात, दारातच हात जोडून उभे राहिलात आणि मी काही बोलायच्या आत निघून गेलात. त्या दिवशी राहून गेलेले सावकाश लिहावे आणि चारचौघांच्या देखत सांगावे, म्हणून हे पत्र. तुमचे नाव लिहीत नाही, कारण ते तुम्हाला रुचणार नाही. वाचणारे आपल्या पूर्व भागातले असतील तर तसेही ओळखतील.

चौदा महिने, दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी, सकाळी साडेसहाला तुमची रिक्षा बोळाच्या तोंडाशी उभी असे. यांना पायरी चढवत नाही हे पहिल्याच आठवड्यात तुमच्या ध्यानात आले आणि पुढच्या खेपेला तुम्ही घरून लाकडी पाट घेऊन आलात. चार तासांचे डायलिसिस संपून बाहेर आल्यावर यांना घेरी येई. तेव्हा तुम्ही गाडी लगेच सुरू करत नसा. यांचा चेहरा नीट न्याहाळून, ‘काका, निघू या का?’ असे विचारूनच किल्ली फिरवत असा. थांबल्याचे वेगळे पैसे मी देऊ केले ते तुम्ही घेतले नाहीत, पण ठरलेले भाडे दर वेळी निमूटपणे घेतलेत. आपण कोणाच्या उपकारावर जगतो असे यांना एक दिवसही वाटू दिले नाहीत, याचे मोल मला पैशांत सांगता येणार नाही.

पण मला सर्वांत आधी आठवते ती तुमच्या सीटवरची चादर. चैत्राचे ऊन, दुपारची परतीची वेळ, तापलेले रेग्झीन. म्हणून तुम्ही घरची जुनी चादर घडी घालून अंथरली होती. बसता बसता यांचा हात तिच्यावरून फिरला आणि हे एकदम म्हणाले, ‘ही नक्षी माझी आहे.’ तुम्हाला वाटले असेल की आजारी माणूस काहीतरी बोलतो आहे. तेव्हा यांनी काठाजवळच्या कोयरीवर बोट ठेवले. तिच्या टोकाशी एक घर जास्त भरले गेले होते. चौकटीच्या कागदावर नक्षी काढताना झालेली ती चूक पुठ्ठ्यांना भोके पाडून झाल्यावर लक्षात आली होती, आणि मालकांनी सगळे पुठ्ठे नव्याने करायला नकार दिला होता. जकार्ड या नक्षी विणायच्या यंत्रावर, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या प्रत्येक फेरीला एक पुठ्ठा लागतो. भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. त्यामुळे कागदावरचे एक चुकलेले घर पुढे शेकडो चादरींवर उमटत राहिले आणि यांना ते वर्षानुवर्षे सलत राहिले. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘काका, ही चादर माझी आई अठरा वर्षे पांघरते आहे. हे आजवर कोणाला दिसले नाही.’ त्या रात्री हे कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

यांचे वडील जुन्या मिलमध्ये होते, 1877 साली सुरू झालेल्या त्या गिरणीत. आई विड्या वळायच्या. घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कानडी अशा तीन भाषांत हे वाढले, आणि हिशेब मात्र शेवटपर्यंत तेलुगूतच करत. चौदाव्या वर्षी कांड्या भरायला लागले, मग मागावर उभे राहिले, आणि पुढे एका वृद्ध कारागिराच्या हाताखाली नक्षी काढायला शिकले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी यांनी वर्तमानपत्रातून कापून ठेवली होती. ती अजून देवघराच्या कपाटात आहे. मी महापालिकेच्या शाळेत शिकवत असे. माझ्या वर्गातल्या मुलांना हे चौकटीच्या कागदावर मोर काढून देत.

आजाराने यांच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली. शेंगाचटणी गेली, मीठ गेले, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी मोजून प्यायची वेळ आली. तुम्ही मात्र यांना कारागीर म्हणूनच वागवलेत. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या फिस्टुलावर हात ठेवला की आतून बारीक थरथर लागते. हे म्हणत, ‘माग चालू आहे.’ दर खेपेला निघण्याआधी तुम्ही तिथे बोटे टेकवून, ‘चालू आहे, काका,’ अशी ग्वाही देत असा. परतताना दोन मिनिटांचा वळसा घालून यंत्रमागांच्या गल्लीतून गाडी नेत असा, आणि कोणता माग बिघडला आहे हे आवाजावरून हे तुम्हाला सांगत. 12 जानेवारीला, 1931 साली चार हुतात्म्यांना फाशी झाली त्या दिवशी, हे दरवर्षी पुतळ्यांना फुले वाहायला जात. यंदा उतरणे शक्य नव्हते. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेची गर्दी असतानाही तुम्ही चार हुतात्मा चौकात गाडी बाजूला घेतलीत आणि यांच्या हातची फुले स्वतः जाऊन वाहिलीत.

पावसाळ्यातली ती दुपार मी कधी विसरणार नाही. अर्ध्या वाटेत पट्टी सुटून रक्त वाहू लागले आणि माझे हातपाय गळाले. तुम्ही स्वच्छ रुमालाची घडी घालून नेमक्या जागी बोटांनी दाबून धरलीत, हात वर उचलून ठेवायला लावलात आणि रक्त थांबेपर्यंत पाऊण रस्ता अडला तरी जागचे हलला नाहीत. असे झाले तर काय करायचे हे तुम्ही तिथल्या परिचारिकेला आधीच विचारून ठेवले होते, हे मला नंतर समजले. त्या दुपारनंतर आम्हाला आणखी पाच महिने मिळाले. ते तुमच्यामुळे मिळाले, असे मी मानते.

भाऊ, शेवटच्या आठवड्यातल्या तीन खेपांचे भाडे तुम्ही नेलेले नाही. पाकीट देवघरात ठेवले आहे. ते घ्यायला या, आणि आईंनाही बरोबर आणा. यांच्या कागदांमध्ये त्या चादरीची मूळ नक्षी सापडली आहे. जास्त भरलेले घर यांनी त्या उन्हाळ्यात खोडून नीट केले होते. ती तुमच्या आईंनी पाहावी अशी माझी फार इच्छा आहे. मी अजूनही सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी पहाटे पाचलाच उठते. केव्हाही आलात तरी चहा तयार असेल.

तुमची,
काकू