मागचा टायर रुंद, पण कुणाच्या गाडीला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्पोर्ट्स कारच्या टायरांवर आलेला लेख वाचला. फोटो झकास होते. पण टायर जितका रुंद तितकी पकड जास्त आणि मागचा पुढच्याहून रुंद असलेला केव्हाही बरा, हा त्यातला सूर मला पटला नाही. कुडाळात माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. ते पान मोबाइलवर घेऊन एक तरुण गिऱ्हाईक दुकानात आलं. ‘काका, मागे रुंद घालूया, दिसाक बरे दिसतत.’ गाडी कुठली म्हणाल, तर पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक!

मागे रुंद टायर कुणी हौसेने दिलेला नसतो. सध्याच्या पोर्शे ९११ कॅरेराला पुढे २३५/४० आर १९ आणि मागे २९५/३५ आर २० टायर येतात (पहिला आकडा मिलिमीटरमध्ये रुंदी, शेवटचा इंचात रिमचा व्यास). तिचं इंजिन मागच्या आसाच्याही मागे आहे, निम्म्याहून बरंच जास्त वजन मागच्या चाकांवर पडतं आणि ताकदही तिथेच उतरते. उलट मज़्दा एमएक्स-५ घ्या. तीही मागच्या चाकांवरच चालते, पण वजन पुढेमागे जवळपास निम्मंनिम्मं. तिच्या दोन लिटर मॉडेलला चारही टायर २०५/४५ आर १७, आणि वळणावर ती कुणाला हार जात नाही. आमच्या गिऱ्हाइकाच्या गाडीत ओढणं, वळणं आणि बराचसा ब्रेक हे सगळं पुढचीच चाकं करतात. तिथे मागे रुंदी वाढवून वळणावर गाडीचं नाक आणखी बाहेर जाणार, दुसरं काही नाही.

ज्यांच्याकडे खरोखर मागे रुंद टायरची गाडी आहे, त्यांच्यासाठीही एक गोष्ट लेखात यायला हवी होती. कंपनी मागची पकड मुद्दाम जास्त ठेवते, म्हणजे वेग हाताबाहेर गेलाच तर पुढची चाकं आधी सरकतील. पाय हळूच उचलला की बहुतेकांना ते सावरता येतं. गाडी पटकन वळावी म्हणून नुसते पुढचेच रुंद केले, की गाडीची शेपूट, म्हणजे मागची चाकं, आधी सुटते, आणि आंबोली घाटात पावसात सुटलेली शेपूट धरणारे चालक थोडेच. रुंदी वाढवायचीच तर पुढेमागे सारख्या मापाने वाढवा.

आणि नुसता पहिला आकडा बघू नका. २०५/५५ आर १६ काढून २२५/५५ आर १६ घातला तर टायर साधारण २२ मिलिमीटरने उंच होतो, कारण तो ५५ म्हणजे रुंदीचे टक्के. २२५/५० घेतला तर उंची जवळपास तीच राहते. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या उंचीचं कंपनीने बसवलेलं प्रमाण बिघडलं, तर डिफरन्शियल, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा भाग, आतल्या आत घासत राहतो. रिमची रुंदी आणि टायर किती वजन पेलेल ते सांगणारा भार-अंकही बघावाच लागतो. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो.

आता आमच्याकडचा पाऊस. हवा आणि वजन तेच ठेवून टायर रुंद केला, तर जमिनीला टेकणारा भाग फारसा वाढत नाही, तो आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. अरुंद टायर होडीच्या नाळेसारखा पाणी कापतो, रुंदाला तेच पाणी बाजूला सारायला वेळ पुरत नाही आणि तो कमी वेगालाच तरंगायला लागतो. जुलैत महामार्गावर वळणाच्या आतल्या अंगाला साचलेलं पाणी ज्याने पाहिलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर खोल असली तरी चालते, पण कोकणातल्या पावसाला मी ती ३ च्या खाली जाऊ देत नाही. तीन मिलिमीटर उरलेल्या रुंद टायरपेक्षा नवा कोरा अरुंद टायर मी केव्हाही घेईन.

खर्चाचं लेखात अवाक्षर नाही. पुढेमागे माप वेगळं असलं की टायर पुढचे मागे करता येत नाहीत, त्यामुळे मागचे आधी गोटा होतात. अशा बहुतेक गाड्यांना स्टेपनीही नसते. गोव्याला निघालेली गाडी कणकवलीजवळ बाजूने फाटलेला टायर घेऊन थांबली, तर २९५/३५ आर २० आमच्या बाजारात कुठून मिळणार? तो बाहेरून मागवायचा आणि तोवर लॉजवर मुक्काम!

पुरवणीत पुन्हा टायरांवर लिहाल तेव्हा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा एक फोटो जरूर छापा. पुढचं माप, मागचं माप, हवा किती, सगळं त्यावर असतं. त्या तरुणाच्या गाडीचं मी तेच वाचून दाखवलं. चारही टायर स्टिकरवरच्या मापाचे घेऊन तो गेला. थोडा हिरमुसला होता, पण गेला.

आपला,
एक टायरवाला, कुडाळ