लिटरवर हीटर ठरवू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

थंडी पडली की जळगाव-धुळ्याकडे उघड्या तरणतलावात उतरायला कोणी धजत नाही, आणि मग पाणी गरम करण्याचे प्रस्ताव निघतात. त्यांत हीटरची क्षमता बहुधा तलावाच्या लिटरवर काढलेली असते. फसगत तिथेच होते.

लिटर कामाचे ते पहिल्यांदा पाणी तापवण्यापुरते. 25 बाय 12.5 मीटरचा, सरासरी 1.4 मीटर खोल तलाव म्हणजे 4,37,500 लिटर. एक लिटर एका अंशाने तापवायला 1 किलोकॅलरी लागते; 860 किलोकॅलरींचे एक युनिट. 18 वरून 27 अंशांवर जायला सुमारे 4,580 युनिट उष्णता हवी. तीन दिवसांत हवी असेल तर 64 किलोवॉट.

त्यानंतरचा रोजचा खर्च पृष्ठभाग ठरवतो. 312 चौरस मीटरवरून दिवसाला 5 मिलिमीटर पाणी उडाले तरी 1,560 लिटर झाले. प्रत्येक लिटर सुमारे 580 किलोकॅलरी घेऊन जातो, म्हणजे नुसत्या वाफेपोटी रोज 1,050 युनिट. निरभ्र रात्री आकाशाकडे जाणारी उष्णता वेगळीच. कोरड्या वाऱ्याने आकडा आणखी चढतो. केळीच्या बागेला आपण कडेने शेवरी, गजराज गवत लावतो. तलावाला तेवढाही आडोसा नसतो! रात्री कव्हर ओढले की उष्णतेची ही गळती बरीच थांबते. म्हणून आधी कव्हर घ्यावे, हीट पंपाचे, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या यंत्राचे, नंतर बघावे.

माहितीपत्रकातले किलोवॉट बहुतेकदा 26-27 अंशांच्या हवेतले असतात. पहाटे 10 अंशांत तोच पंप कमी उष्णता देतो, कॉइलवर हिमही धरतो. आपल्याकडे जानेवारीतही दुपार उबदार असते, तेव्हा पंप सकाळी 10 ते संध्याकाळी 6 चालवणे फायद्याचे. मात्र कव्हर वापरून दिवसाची गरज समजा 500 युनिटवर आली, तर ती आठ तासांत भरायला चोवीस तासांच्या हिशेबाने निघणारा 21 नव्हे, 63 किलोवॉटचा पंप लागेल. हे 63 पाण्याला मिळणारे की मीटरवर चढणारे, ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. एकास चार, म्हणजे एक युनिट विजेत चार युनिट उष्णता, या प्रमाणात चालणारा पंप वीज सोळा किलोवॉटच्या आसपास ओढतो.

खरेदीआधी तलावाच्या पायरीवर, बुडाशी दगड ठेवून, तलावाच्याच पाण्याने भरलेली बादली ठेवावी. आतबाहेर पातळी सारखी करून खुणा कराव्यात. पाणी फिरवणारा पंप बंद, पोहणे बंद, 24 तास. दोन्हीकडे सारखेच उतरले तर ते उडालेले पाणी. तापवल्यावर याहून जास्त उडेल. तलावाचे जास्त उतरले तर गळती आहे, ती बुजवल्याशिवाय हीटरचा विचारही करू नये.

आपले,
तरणतलाव यंत्रणेवर काम करणारे काही तंत्रज्ञ, जळगाव