निवडणूक संपण्याआधीच आपले निरीक्षक परतले : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

अड्डू, मालदीव
२० ऑक्टोबर २०१३

प्रति,
मा. श्री. सलमान खुर्शीद,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

सविनय नमस्कार.

काल मालदीवमध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी फेरमतदान व्हायचं होतं. झालं नाही. पोलिसांनी राजधानी मालेमध्ये निवडणूक आयोगाच्या कर्मचाऱ्यांना मतदानाचं साहित्य घेऊन बाहेरच पडू दिलं नाही. मी मालेपासून पाचशे किलोमीटर दक्षिणेला, अड्डूत शिकवते. सकाळी माणसं चांगले कपडे घालून मतदानाला निघाली होती, बातमी कळली तशी माघारी फिरली. शाळेतल्या सहकाऱ्यांनी मला विचारलं, तुमच्या देशाचे निरीक्षक तर सगळं व्यवस्थित झालं म्हणाले होते, आता कुठे आहेत ते? हा प्रश्न मी आपल्याकडे पाठवते आहे, कारण तो मला नाही, आपल्याला विचारलेला आहे.

७ सप्टेंबरच्या पहिल्या फेरीला आपण लिंगडोह, टंडन आणि गोपालस्वामी या तीन माजी मुख्य निवडणूक आयुक्तांना इथे पाठवलंत. निवडणूक घेण्याचा त्यांच्याइतका अनुभव जगात फार थोड्यांना असेल. राष्ट्रकुलाचं पथकही होतं, माल्टाचे माजी पंतप्रधान लॉरेन्स गोन्झी यांच्या नेतृत्वाखाली. ट्रान्सपरन्सी मालदीव्ज या इथल्याच संस्थेचे कार्यकर्ते बेटाबेटांवर होते. ४७० मतपेट्या, ८८ टक्के मतदान, आणि मोजणी मतदान केंद्रातच, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर. सगळ्यांचा निर्वाळा एकच होता : मतदान सुरळीत आणि विश्वासार्ह. माजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांना ९५ हजारांवर मतं, यामीन यांना ५३ हजार, गासिम यांना ५० हजार. निम्म्याहून जास्त मतं कोणालाच नाहीत, म्हणून पहिल्या दोघांत दुसरी फेरी २८ सप्टेंबरला ठरली.

आणि मग निरीक्षक निघून गेले. अक्षता पडल्या, जेवणं झाली, पाहुणे गाडीत बसले.

खरी निवडणूक त्यानंतर सुरू झाली, साहेब. अडीच-पावणेतीन हजार मतांनी दुसरी फेरी हुकलेले गासिम सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दुसरी फेरी बेमुदत थांबवली आणि ७ ऑक्टोबरला चार विरुद्ध तीन मतांनी पहिली फेरीच रद्द केली. आधार कोणता? पाच हजारांवर मतं अपात्र ठरवणारा पोलिसांचा एक गुप्त अहवाल. तो निवडणूक आयोगाच्या वकिलांनाही दाखवला नाही. खुद्द सरन्यायाधीशांनी विरोधी मत नोंदवलं. त्याच दिवशी पहाटे विरोधकांची बाजू मांडणारी राज्जे टीव्ही ही वाहिनी जाळण्यात आली. मग सोळा कलमांची नियमावली आली, मतदारयादीवर प्रत्येक उमेदवाराची सही हवी अशी अट आली. ज्याला मतदान नको आहे त्याने सही करायची नाही, एवढंच पुरे. दोन उमेदवारांनी सही केली नाही आणि पोलिसांनी दार अडवलं.

यातलं काहीही मतदान केंद्रात घडलेलं नाही. रांगा सरळ होत्या, पेट्या मोहोरबंद होत्या, मोजणी उघड्यावर झाली. चोरी झाली ती न्यायालयात, पोलिसांच्या कचेरीत आणि मतदारयादीच्या सहीच्या कागदावर, आणि तिथे पाहायला कोणीही नव्हतं. लोकशाही पाच वर्षांची आहे इथे. २००८ साली तीस वर्षांची एकहाती सत्ता मतपेटीने उलथवली तेव्हा लोक रस्त्यावर रडले होते, असं माझे सहकारी सांगतात. अशा देशात मतदानाचा एक दिवस पाहून प्रमाणपत्र देणं म्हणजे लोकांना खोटा धीर देणं आहे.

आपण म्हणाल, दुसऱ्या देशाच्या अंतर्गत कारभारात भारत कसा बोलणार? १९८८ साली आपलंच सैन्य इथे उतरलं होतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये नशीद यांनी राजीनामा दिला, तो बंदुकीच्या धाकाने घेतला असं ते म्हणत होते, आणि दुसऱ्याच दिवशी दिल्लीने नव्या राष्ट्राध्यक्षांचं अभिनंदन केलं. तेव्हा घाई कशाची होती? या वर्षी तेच नशीद अटक टाळण्यासाठी दहा-अकरा दिवस आपल्या उच्चायुक्तालयात राहिले. आपण आत आहोतच. फक्त जेव्हा ठाम बोलायला हवं तेव्हा आपलं पत्रक 'चिंता' या शब्दावर थांबतं.

आता माझं. मला नोकरी देणाऱ्यांनी माझा पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतला आहे. नावं घेत नाही, कारण हे एकाचं नाही, इथल्या कितीतरी भारतीय शिक्षकांचं आणि परिचारिकांचं असंच आहे. मागितला की एकच उत्तर : निवडणूक होऊ द्या, मग बघू. परवाना निवडणुकीनंतर, थकलेला पगार निवडणुकीनंतर, रजा निवडणुकीनंतर. सप्टेंबरच्या शेवटी माझे वडील गेले. दुसरी फेरी तेव्हा नुकतीच थांबवली होती. अंत्यदर्शन राहू द्या, तेराव्यालाही मला पोचता आलं नाही. आई फोनवर काही बोलली नाही, हुंदके तेवढे ऐकू आले. मालेतल्या एका खोलीत एक गुप्त कागद वाचला जातो आणि त्यापायी हजार मैलांवरचं माझं घर माझ्यावाचून सुतकात बसतं. हे मी कोणाच्या खात्यावर मांडू?

आणि मत? ते मला इथेही नाही आणि तिथेही नाही. परदेशातल्या भारतीयांना २०१० च्या दुरुस्तीने मतदार केलं, पण मत द्यायला स्वतः गावी हजर राहायचं. पासपोर्ट कपाटात कुलूपबंद आणि परतीचं तिकीट दोन पगारांचं, तिथे हा हक्क कागदावरच राहतो. गेल्याच महिन्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय दिला. मालेतला निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मतदान यंत्राला कागदी पावती जोडण्याचा आदेश झाला. अभिमान वाटला, खोटं का सांगू? पण त्याच वेळी मनात आलं की आपली यंत्रणा यंत्राची इतकी काळजी घेते आणि माणसाची घेत नाही. दिल्लीत काय, मालेत काय, मतदाराला महिनोन्महिने ताटकळत ठेवताना कोणालाच काही वाटत नाही.

माझ्या पासपोर्टसाठी मी वेगळा अर्ज करीन. इथे मागणं निवडणुकीचं आहे. आपल्या तीन माजी आयुक्तांनी ७ सप्टेंबरला जे पाहिलं तो संपूर्ण अहवाल जाहीर करा, आणि भारत त्या निर्वाळ्यावर ठाम आहे असं मालेला लेखी कळवा. तो गुप्त अहवाल पाहायला मागा. विद्यमान राष्ट्राध्यक्षांची मुदत ११ नोव्हेंबरला संपते, म्हणजे तीन आठवडेच उरले आहेत. निरीक्षक पुन्हा पाठवा, आत्ता, मतदारयादीवर सह्या होण्याआधी. त्यांना न्यायालयात बसवा, आयोगाच्या दारात उभं करा, अड्डूसारख्या लांबच्या बेटांवरही पाठवा. आणि त्यांची परतीची तिकिटं नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीनंतरची काढा.

आपली,
एक भारतीय शिक्षिका