तबल्याची पुडी बदलून आणली आहे

पुणे, 24 डिसेंबर 2024

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

त्या रविवारी रात्री फोनवर तू विचारलंस, "बाबा, ज्या माणसाशी आपण आयुष्यात एक शब्दही बोललो नाही, त्याच्यासाठी एवढं रडू का येतंय?" माझाच आवाज धड नव्हता, म्हणून "उद्या बोलू" म्हणालो आणि फोन ठेवला. मग सवाई गंधर्व संगीत महोत्सव, आपलं सवाई, सुरू झालं, आणि बोलायचं राहिलं ते राहिलंच. आता लिहूनच सांगतो.

आधी एक कबुली. 15 तारखेच्या रात्री तबलावादक झाकीर हुसेन, आपले झाकीरभाई, गेल्याची बातमी आली तेव्हा ती आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पहिल्यांदा मीच टाकली, हात जोडलेल्या चिन्हांसकट. तासाभरात कळलं की घरच्यांनी अजून काही सांगितलेलंच नाही, ते सॅन फ्रान्सिस्कोच्या इस्पितळात आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. माणूस श्वास घेत असताना मी त्याला हार घातला होता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. वाटत होतं, सगळं खोटं ठरावं आणि उद्या लोकांनी मला खुशाल बोलावं. सोमवारी सकाळी घरच्यांनीच सांगितलं. 73 वर्षांचे होते. तुझी आई देवापाशी दिवा लावत होती, तिने ऐकलं आणि काडी तशीच हातात जळू दिली.

तू सात वर्षांची असताना आपण त्यांना ऐकायला गेलो होतो, आठवतं? तबल्यावर त्यांनी काढलेल्या आगगाडीच्या आणि पावसाच्या आवाजांसाठी सगळे टाळ्या वाजवत होते. तू मात्र घरी येताना रिक्षात एवढंच म्हणालीस, "ते दुसऱ्यांचं वाजवणं किती हसून ऐकतात!" मला तेव्हाच वाटलं, पोरीला नेमकं दिसलं. ते साथीला बसले की मुख्य कलाकाराकडे असं बघायचे, जणू त्याचं गाणं आज पहिल्यांदाच कानावर पडतंय. पुढच्याच महिन्यात तुला तबल्याच्या क्लासला घातलं. "धा धा तिट धा धा तूना" करत तू पाटावर, डब्यांवर, आजीच्या पाठीवर वाजवत सुटलीस. म्हणून म्हणतो, ज्या माणसाशी आपण बोललो नाही तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आलेला होता.

ते स्वतः एक गोष्ट नेहमी सांगायचे. त्यांचा जन्म झाला तेव्हा त्यांच्या वडिलांनी, तबलावादक अल्लारखाँसाहेबांनी, बाळाच्या कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, हीच माझी प्रार्थना. अब्बाजी 3 फेब्रुवारी 2000 ला गेले आणि पुढे दरवर्षी त्याच तारखेला झाकीरभाई मुंबईत त्यांची बरसी करत राहिले, पहाटेपासून वाजवून. बघ ना, आपलं सवाईसुद्धा मुळात पुण्यतिथीच आहे. गायक सवाई गंधर्व 1952 मध्ये गेले, आणि पुढच्या वर्षी भीमसेन जोशींनी आपल्या या गुरूसाठी हे सुरू केलं. एका शिष्याचं दुःख सत्तर वर्षांपेक्षा जास्त काळ आपण मांडी घालून ऐकतोय. आपल्याकडे गेलेल्या गवयाला असंच आठवतात.

मे 2022 मधला तो फोटो तूच मला पाठवला होतास. संतूरवादक शिवकुमार शर्मांच्या अंत्ययात्रेत झाकीरभाईंनी खांदा दिला होता आणि नंतर ते चितेजवळ एकटेच उभे राहिले होते. बाकी लोक मागे सरकलेले. दोघांनी किती वर्षं एकत्र वाजवलं! संतूरची शेवटची तार विरेपर्यंत थांबायची सवय झालेला माणूस होता तो, तिथेही तसाच थांबला. आता झाकीरभाईंची माती तिकडे अमेरिकेत, तुझ्या गावापासून तासाभरावर आहे. जमलं तर एकदा जाऊन ये. फुलं नेलीस तरी चालेल, नाही नेलीस तरी चालेल.

मुक्ता, आता जे लिहायला मला हे वर्षभर जमलं नाही ते लिहितो. तुझं बारावीचं वर्ष. सवाई तेव्हा रमणबागेत व्हायचं; तिथे शेवटच्या दिवशी आपण भारतीय बैठकीत मागे बसलो होतो. समारोपाला प्रभाताई अत्रे गायच्या होत्या. थंडी होती, दुसऱ्या दिवशी तुझा क्लास होता, आणि मी चटई गुंडाळायला घेतली. तू माझा शर्ट धरून म्हणालीस, "बाबा, थांबू या ना." मी म्हणालो, "पुढच्या वर्षी ऐकू." पुढच्या वर्षी मला ऑडिट, मग तुझं कॉलेज मुंबईला, मग तू तिकडे. यंदा 13 जानेवारीला सकाळी प्रभाताई गेल्या. 91 वर्षांच्या होत्या, आणि त्याच दिवशी मुंबईत त्यांचं गाणं ठरलेलं होतं. या वयात जी बाई गाण्यासाठी प्रवासाची तयारी करते, तिच्या गाण्यातून मी थंडीचं कारण काढून उठलो. विज्ञान शिकल्या, कायदा शिकल्या, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडे बसून किराणा घराण्याचं गाणं घेतलं, सरगमवर डॉक्टरेट केली, नव्वदीच्या उंबरठ्यावर पद्मविभूषण आलं तरी रियाज सोडला नाही. त्यांची मारुबिहाग-कलावती रागांची कॅसेट आपल्याकडे झिजेपर्यंत वाजली, पण तुला त्या समोर बसून ऐकता आल्या नाहीत, त्याला कारण मी. मला माफ कर.

म्हणून यंदा पाचही दिवस आम्ही दोघं शेवटपर्यंत बसलो. आता सवाई मुकुंदनगरला होतं, तिथे खुर्च्या घेता येतात, तरी आई म्हणाली बैठकीतच बसायचं. शेजारी एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे. तबला लागला की त्यांची बोटं गुडघ्यावर चालायची. मध्यंतरात चहा घेताना म्हणाले, "मी दोघांनाही ऐकलंय, बाप आणि मुलगा एकाच मंचावर," आणि मग पुढे काही बोललेच नाहीत, कप हातात धरून मंचाकडे बघत राहिले. शेवटी नेहमीसारखी सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी रेकॉर्ड लागली. हजारो माणसं उठून उभी, आणि तो खरखरता आवाज. आईने माझा हात धरला. तुझी जागा रिकामी होती तिथे आम्ही शाल ठेवली होती.

काल माळ्यावरून तुझा तबला काढला. खोळीला बुरशी, डग्ग्याखालची चुंबळ उंदरांनी कुरतडलेली, कातड्यावरच्या काळ्या शाईला तडे गेलेले. दुकानात घेऊन गेलो. कारागिराने हातोडीने वाद्यांमधले दोन लाकडी गट्टे ठोकून बघितले, कान लावला आणि म्हणाला, "खोड शिसमाचं आहे, याला काही झालेलं नाही. वरची कातड्याची पुडी बदलू." आज संध्याकाळी घेऊन आलो. नव्या कातड्याचा वास अख्ख्या हॉलमध्ये भरला आहे. मी नुसती चाटीवर, कातड्याच्या कडेला, एक टिचकी मारली तर आई स्वयंपाकघरातून धावत आली.

मार्चमध्ये येशील तेव्हा स्वर लावून ठेवतो. पेटीच्या काळी दोनलाच ना?

तुझा,
बाबा